फ्यूजकाकांनी लावून दिलेली खोली

फ्यूजकाकांना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं त्या होस्टेलात कुणीच उरलं नव्हतं. पगाराच्या कागदावर नाव होतं, तेवढंच. मुलांच्या त्या चार मजली होस्टेलात ते बावीस वर्षं वायरमन होते. पोरं मिसरूड फुटताना यायची आणि दाढी वाढवून जायची, पण 'फ्यूजकाका' हे नाव मागच्या बॅचकडून पुढच्या बॅचला आपोआप मिळायचं. खरं तर फ्यूज ही वस्तू त्या इमारतीतून हद्दपार होऊन दहा वर्षं झाली होती, सगळीकडे खटक्याची बटणं आली होती. काका तेवढे जुन्या नावावर चालू राहिले.

माणूस उंच, हडकुळा, खांद्यात जरा वाकलेला. खिशात टेस्टर, कानामागे पेन्सिल. बोलणं अगदी तोलूनमापून. 'हो', 'नाही', 'झालं' आणि 'हात लावू नका' एवढ्या भांडवलावर त्यांनी बावीस वर्षं काढली होती. अमुक मुलगा स्वभावानं कसा आहे असं कुणी विचारलं तर ते म्हणायचे, "खोली नंबर सांगा." खोली नंबर सांगितला की मात्र तिथला कुठला प्लग सैल आहे इथपर्यंत सगळं तोंडपाठ.

होस्टेलच्या ऑफिसात एक तक्रारवही असायची आणि काकांचा दिवस तिच्यापासून सुरू व्हायचा. तिच्यात काय असायचं? भांडणं. 'माझा चार्जर काढून यानं स्वतःचा लावला.' 'इस्त्री दोन तास सोडत नाही.' 'रूममेट पहाटेपर्यंत दिवा चालू ठेवतो, समज द्यावी.' रोज सकाळी माणूस हेच वाचत राहिला तर त्याचं मत काय होणार? काकांचं ठाम मत झालं होतं की दोन माणसं आणि एक प्लग एका खोलीत ठेवले की भांडण येतंच. बिचाऱ्यांना खोलीत बोलावणं यायचं तेच मुळी काहीतरी बिघडल्यावर. सगळं सुरळीत चाललेल्या खोलीत वायरमनला कोण बोलावतं? तशी खोली त्यांनी आतून कधी पाहिलीच नव्हती. पुढे जे झालं त्याचं मूळ इथेच आहे, म्हणून आधी सांगून ठेवलेलं बरं.

वर्षाच्या पहिल्या दिवशी मात्र काकांचा थाट वेगळा असायचा. व्हरांड्यात टेबल, टेबलावर मीटर, आणि समोर आईबापांची रांग. मुलांनी आणलेली प्रत्येक विजेची वस्तू काका लावून बघणार, किती वीज खाते ते मोजणार आणि मगच तिच्यावर हिरवी चिठ्ठी चिकटवणार. लोक तरी काय काय आणायचे! तळपाय चोळायचं यंत्र, तोंडाला वाफ द्यायचं यंत्र, एकानं तर कपडे वाळवायचं कपाटच उचलून आणलं होतं. काकांनी त्या कपाटाकडे बघितलं, मुलाकडे बघितलं आणि विचारलं, "शिकायला आलाय की लाँड्री काढायला?" त्यांच्या तोंडून निघालेलं एवढं लांब वाक्य पोरं वर्षभर एकमेकांना सांगत होती.

पण सल्ला विचारणाऱ्याला काका कधी तोंडघशी पाडायचे नाहीत. एक्स्टेन्शन बोर्ड घ्यायचा तर दोन मीटर वायरीचाच, एक मीटरची पलंगापर्यंत पोहोचत नाही आणि पोरं मग ती ओढून ओढून तोडतात. टेबललॅम्प चिमट्याचा नको, जड बुडाचा हवा. चिमटा दोन महिन्यांत मोडतो. गजराला घड्याळच घ्या, फोन उशाशी नको. कुणीतरी हे सगळं लिहून काढलं होतं आणि त्या कागदाच्या झेरॉक्स शेजारच्या कॉलेजांपर्यंत गेल्या होत्या.

अशा या माणसाच्या मुलीला नऊ तासांवरच्या एका शहरात, मोठ्या कॉलेजात प्रवेश मिळाला.

घरात तिला बिट्टी म्हणायचे. एकुलती एक, हुशार, आणि बोलण्याच्या बाबतीत थेट बापावर गेलेली. लहानपणी काका घरात काही दुरुस्त करायला बसले की ही बॅटरी धरून शेजारी उकिडवी बसायची. दोघं तास-तास एक शब्द न बोलता बसायचे आणि उठताना दोघांनाही वाटायचं, आज खूप गप्पा झाल्या. शाळेत तिची एकच मैत्रीण होती आणि ती मैत्रीही त्या मुलीनंच हात धरून केलेली. ती मुलगी दुसऱ्या शाळेत गेली, मग बिट्टीनं दुसरी शोधली नाही. घराण्यात कॉलेजच्या पायऱ्या चढणारी ही पहिलीच. काकूंनी शिलाई मशीन चालवून आणि काकांनी शिड्या चढून जे काही जमवलं होतं, ते सगळं या एका पोरीच्या शिक्षणावर लावलेलं. ती तिथे टिकते की नाही, यावर त्या घराचा सगळा जीव टांगलेला होता.

प्रवेशाचं पत्र आलं त्या संध्याकाळी बिट्टीनं बापाला विचारलं, "बाबा, मला जमेल ना तिथे?"

पोर काय विचारते आहे हे दुसऱ्या कुणालाही कळलं असतं. काका म्हणाले, "काळजी करू नको. सगळं लावून देतो."

आणि ते लागले कामाला. दोन महिने त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. बोर्ड बाजारातला नकोच म्हणून स्वतः बांधला. चार पॉइंट, प्रत्येकाला वेगळं बटण, जाड तांब्याची वायर. किटली आतून स्टीलची आणि पाणी उकळलं की आपोआप बंद होणारी. लहान इस्त्री, म्हणजे खालच्या सार्वजनिक इस्त्रीपाशी ताटकळायला नको. पलंगाला लावायचा छोटा पंखा. जड बुडाचा दिवा, पिवळसर उजेडाचा, डोळ्यांना न खुपणारा. वाय-फाय बिट्टीच्या होस्टेलात फक्त खालच्या हॉलमध्ये मिळतं असं कळल्यावर स्वतंत्र सिमचा राउटर आणला. बाहेरच्या गलक्यानं अभ्यास मोडू नये म्हणून कान पूर्ण झाकणारे हेडफोन. आणि जेवण गरम करणारा विजेचा डबा, कारण मेसची वेळ चुकली तर पोरीनं थंड का खावं? प्रत्येक वस्तू त्यांनी आठ-आठ दिवस घरी चालवून बघितली. मग हिरवी चिठ्ठी लावली.

काकू मशीनवर बसून हे सगळं बघत होत्या. एकदा न राहवून म्हणाल्या, "अहो, काहीतरी कमी राहू द्या की."

"का?"

"अडल्याशिवाय माणूस माणसाच्या दारात जात नाही. शेजारणीची नि माझी ओळख सुईवरून झाली, विसरलात?"

"आणि भांडण?"

"ते कात्रीवरून झालं. पण भांडल्यावर कात्री मागायलाही तीच आली ना?"

काकांना बायकोचं म्हणणं पटलं नव्हतं आणि वाद घालण्याइतके शब्द जवळ नव्हते. उलट त्यांनी आणखी एक काम केलं. बिट्टीच्या होस्टेलात प्रत्येक मजल्याच्या टोकाला एकटीची एक खोली असायची. तिच्यासाठी अर्ज केला, दोनदा जाऊन ऑफिसात उभे राहिले, 'मुलगी अभ्यासू आहे, शांतता लागते' असं लिहून दिलं, आणि खोली मिळवली. कसली रूममेट नि कसली कटकट! घरी आले ते लढाई जिंकून आल्यासारखे.

खोली लावायला ते स्वतः गेले. सकाळपासून दुपारपर्यंत वायरी भिंतीच्या कडेनं क्लिपा ठोकून नेल्या, एकही लोंबकळती ठेवली नाही. पलंगावर बसल्या बसल्या दिवा, पंखा, किटली, सगळ्याला हात पोहोचेल अशी मांडणी केली. शेजारच्या खोल्यांमध्ये तेव्हा नुसता गोंधळ होता. एकीचा प्लग बसत नव्हता, दुसरीची बादली विसरली होती, तिसरी 'कुणाकडे हातोडी आहे का?' म्हणत दारोदार फिरत होती. ती बिट्टीच्या दारातही आली. काकांनी हातोडी दिली, पाच मिनिटांनी मागून घेतली आणि दार लावून घेतलं. पोरीचं मन विचलित व्हायला नको.

निघताना बिट्टी दारात उभी होती. काका म्हणाले, "उठायचीसुद्धा गरज नाही, बघ."

"हो बाबा," ती म्हणाली.

पुढचे चार महिने फोनवर एकच संवाद चालू होता. "सगळं चालतंय ना?" "चालतंय, बाबा." "किटली?" "चालते." "राउटर?" "चालतो." बाप वस्तूंची विचारपूस करायचा आणि लेक वस्तूंची खुशाली कळवायची. काकू फोन घेऊन विचारायच्या, "पोरी, मैत्रिणी कोण कोण झाल्या गं?" तर पलीकडून, "आहेत सगळ्या." काकूंना तो 'सगळ्या' आवडत नव्हता. नावं सांगत नाही म्हणजे काहीतरी पाणी मुरतंय, असं त्या म्हणायच्या. काका म्हणायचे, "अभ्यास करते."

पाचव्या महिन्यात कॉलेजचं पत्र आलं. हजेरी निम्म्याहून कमी. पहिल्या परीक्षेत दोन विषय राहिलेले. पालकांनी येऊन भेटावं.

काका पत्र तीनदा वाचून दुसऱ्याच दिवशीच्या बसमध्ये बसले. नऊ तास ते एकच विचार करत होते, की नक्की काय बिघडलं असेल.

होस्टेलच्या रेक्टरबाई त्यांना बघून खूश झाल्या. "तुमच्या मुलीचा काही त्रास नाही हो. अशा मुली हव्यात!" त्यांनी तक्रारवहीच पुढे केली. काकांनी सवयीनं पानं चाळली. बिट्टीच्या खोलीचा नंबर कुठेच नव्हता. बाकी तेच ते, जन्मभर वाचलेलं. सोळा आणि सतरा नंबरच्या मुलींचं सोमवारी प्लगवरून भांडण झालं होतं, दोघींनी एकमेकींविरुद्ध अर्धं अर्धं पान भरलं होतं.

"यांना वेगळं नाही केलं?" काकांनी विचारलं.

"कुणाला? त्या बघा की तुमच्या मागे."

काकांनी मान वळवली. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर दोन मुली खेटून बसल्या होत्या. एकाच हेडफोनची एक वायर हिच्या कानात, दुसरी तिच्या. एक मोबाइलवर काहीतरी दाखवत होती आणि दुसरी हसून हसून तिच्या खांद्यावर पडत होती. सोमवारी भांडलेल्या त्याच. काका बघतच राहिले. बावीस वर्षं त्यांनी भांडणाचं पान वाचलं होतं. पान उलटल्यावर काय होतं ते कुणी वहीत लिहीत नाही.

वरच्या मजल्यावर बिट्टीच्या दाराशी जाण्याआधी त्यांनी शेजारचं दार वाजवलं. दार उघडलेल्या मुलीला विचारलं, "टोकाच्या खोलीतली मुलगी असते का हो वर्गात?"

"तिथे कुणी राहतं?" ती म्हणाली. "आम्हाला वाटलं सामानाची खोली आहे. दिवा दिसतो कधी कधी, पण आवाज नसतो." मग आत वळून तिनं विचारलं, "ए, टोकाला कोण राहतं गं?" आतूनही कुणाला सांगता आलं नाही.

बिट्टीनं दार उघडलं आणि बापाला बघून तिचा चेहरा एकदम उजळला. वाळली होती. खोली मात्र चकचकीत. काकांनी बसायच्या आधी टेस्टर काढला आणि एक एक वस्तू तपासली. बोर्ड ठीक, दिवा ठीक, किटली ठीक, डबा ठीक. राउटर लुकलुकत होता. एकाही गोष्टीत दोष काढायला जागा नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा सगळं नीट चाललेल्या खोलीत ते उभे होते आणि टेस्टर खिशात ठेवायचंही त्यांना सुचेना.

"वर्गात का जात नाहीस?"

"सगळे तास कॉलेजच्या साइटवर येतात, बाबा. राउटर आहे ना. इथेच बघते."

"जेवण?"

"मेस उघडली की लगेच डबा भरून आणते, तेव्हा कुणी नसतं. नंतर गरम करून खाते." आणि बापाला बरं वाटावं म्हणून तिनं पुढे सांगितलं, "डबा फार चांगला आहे."

"मग दोन विषय?"

"कळत नाही काही काही. दोनदा-तीनदा बघते तरी कळत नाही."

"कुणाला विचारायचं ना."

बिट्टीनं किटलीचं झाकण उगाच उघडून लावलं. मग हळूच म्हणाली, "आता पाच महिने झाले, बाबा. आता जाऊन काय सांगू, की मी इथलीच आहे म्हणून?"

या ठिकाणी बापानं काय करायला हवं होतं ते सांगायला कुणी शहाणा लागत नाही. तिला हाताला धरून खाली न्यायचं, हॉलमध्ये बसायचं, त्या दोन पायरीवाल्यांना म्हणायचं, पोरींनो, ही माझी लेक. किंवा तेही नको, नुसतं तिच्याजवळ बसून म्हणायचं, माझं चुकलं. पण काकांच्या घशातून शब्द कधी वेळेवर निघालेच नव्हते. ते म्हणाले, "जरा मिसळत जा." बिट्टी म्हणाली, "हो." आणि ते संपलं. लोकांच्या पोरांना बावीस वर्षं अक्कल वाटली आणि स्वतःच्या लेकीसमोर माणूस कोरडा पाषाण!

बिट्टीनं चहा केला, किटलीतच. दोघं प्यायले. ती कप धुवायला बाहेर गेली आणि काकांनी दाराशेजारच्या, भिंतीतल्या मूळ बोर्डाकडे बघितलं.

बायकोचं बोलणं त्यांना आत्ता ऐकू आलं. अडल्याशिवाय माणूस माणसाच्या दारात जात नाही. ठीक आहे, मग अडू दे. बाहेरचं मेन बटण त्यांनी खाली केलं, बोर्डाचे स्क्रू काढले, आत येणारी वायर सोडवली. सगळा जन्म तुटलेलं जोडण्यात गेला. चालू असलेलं तोडायची ही पहिलीच वेळ. पण सवय जाते कुठे? उघडी वायर पोरीला लागू नये म्हणून तिच्या टोकाला त्यांनी टेप गुंडाळली, चांगले तीन वेढे. बोर्ड होता तसा बसवला, मेन वर केलं. दुपारचा भरपूर उजेड होता, बंद झालेलं काही डोळ्यांत भरत नव्हतं. बिट्टी परत आली तेव्हा ते पायात चपला घालून उभे होते.

"लगेच?" ती म्हणाली.

"बस आहे."

परतीच्या नऊ तासांत काका मनाशी मांडणी करत होते. संध्याकाळी दिवा लागणार नाही. आधी ती बटण दाबून बघेल. मग शेजारी विचारायला जाईल, तुमच्याकडे लाइट आहे का? शेजारीण म्हणेल, अगं तू टोकाची ना, ये. फोन चार्ज करायला खाली हॉलमध्ये बसावं लागेल, पाणी तापवायला सोळा नंबरकडे. शेवटी तक्रारवहीत लिहावंच लागेल, आणि तिथला वायरमन येऊन पाच मिनिटांत जोडेल. तोवर दोन-चार ओळखी होतील. कुणाला काही इजा नाही, कुणाला कळायचंही नाही. घरी पोचल्यावर त्यांनी काकूंनाही काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी फोन केला. "सगळं ठीक?" बिट्टी म्हणाली, "ठीक." अंधाराचं नावसुद्धा नाही! काकांना वाटलं, गेली वाटतं कुणाकडे. त्या दिवशी ते कामावर शीळ घालत होते, असं सांगणारी मुलं आहेत. तिसऱ्या दिवशी फोन बंद लागला. हॉलमध्ये चार्जिंगला लावून गप्पा मारत असेल. संध्याकाळीही बंद. चौथ्या दिवशीही बंद. रेक्टरबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "टोकाची खोली? काही तक्रार नाही." एरवी या वाक्यानं ज्याला समाधान मिळायचं, त्या माणसाच्या हातातून त्या दिवशी पक्कड गळून पडली.

ते मिळेल त्या बसनं गेले.

बिट्टी खिडकीपाशी उजेडात पुस्तक धरून बसली होती. अंगावर स्वेटर. टेबलावर दिवा, राउटर, पॉवर बँक, फोन, सगळं एका ओळीत ठेवलेलं आणि सगळं बंद. डब्यात कालचं थंड अन्न अर्धं उरलं होतं. बापाला बघून तिला नवल वाटलं नाही.

"आलात? मला वाटलंच होतं."

"अगं, लाइट नाही तर कळवायचं नाही?" काकांचा आवाज चढला होता. "फोनवर ठीक कसं म्हणालीस?"

"तुम्हाला माहीत होतं ना."

काकांची नजर दाराशेजारच्या बोर्डाकडे गेली.

"तुम्ही गेल्यावर मी बोर्ड उघडून बघितला," ती शांतपणे सांगू लागली. "वायर निसटली असती तर मी जोडली असती. पण तिला टेप लावली होती. निसटलेली वायर स्वतःला टेप लावून घेत नाही, बाबा. म्हटलं, बाबांनी काढली म्हणजे काहीतरी धोका बघूनच काढली असणार. घाईत सांगायचं राहिलं असेल. परत येतील, तोवर हात लावायचा नाही."

"चार दिवस? कुणाकडे तरी जायचंस!"

"कुणाकडे?"

ती टोचून बोलली नव्हती. खरंच विचारत होती, पत्ता विचारावा तशी. त्या इमारतीत दीडशे मुली होत्या आणि त्यांतल्या एकीचंही नाव त्या दोघांना माहीत नव्हतं.

काका पलंगावर बसले. मग जे पाच महिन्यांपूर्वी, किंवा निदान चार दिवसांपूर्वी बोलायचं ते बोलले. "मला वाटलं, अंधार झाला की तू बाहेर येशील."

बिट्टीनं पुस्तक मिटून खिडकीत ठेवलं. तिचे डोळे भरून आले, पण आवाज स्थिर होता.

"मग तसं सांगायचं होतं ना, बाबा. मी गेले असते."

काका रडले. तोंड दोन्ही हातांत धरून, वाकून, लेकीसमोर. बिट्टीनं उठून त्यांच्या खिशातला स्क्रू ड्रायव्हर घेतला, बाहेरचं मेन खाली केलं, बोर्ड उघडून वायर जोडली आणि मेन वर केलं. दिवा लागला. राउटर लुकलुकायला लागला. पंखा फिरू लागला, आणि थंडी वाजत होती तरी तो बंद करायला कुणी उठलं नाही.

त्या चार दिवसांत दुसरी परीक्षा होऊन गेली होती, वेळापत्रक कॉलेजच्या साइटवर लागलं होतं आणि राउटर बंद होता. हजेरी आधीच बुडालेली. कॉलेजच्या ऑफिसातल्या माणसानं वाईट वाटून घेत सांगितलं की वर्ष तर गेलंच, पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. काका म्हणाले, "खोली ठेवू?" बिट्टीनं मान हलवली. "घरी जाऊ या. मला आता नाही जमणार." रेक्टरबाईंनी सही केली.

सामान फार होतं आणि हात चारच. काका म्हणाले, वस्तू इथेच राहू देत. बिट्टीनं दार उघडं ठेवून किटली बाहेर कठड्यावर ठेवली आणि जाणाऱ्या एका मुलीला विचारलं, "तुला हवी आहे का? मी खोली सोडते आहे."

"ही? चालते?" ती मुलगी थांबली. तिनं पुढे हाक मारली, "ए, इकडे या, बघा!" मग दुसरी आली, मग सोळा नंबर आणि सतरा नंबर आल्या. पाच-सात मिनिटांत खोली मुलींनी भरली. कुणी पलंगावर, कुणी जमिनीवर, कुणी टेबलावर चढून बसलेली. दिवा कुणाला, इस्त्री कुणाला यावरून ओढाताण. विजेचा डबा बघून एक ओरडली, "अगं, आम्ही रोज थंड खातो आणि तुझ्याकडे हे होतं? आधी का नाही भेटलीस?" राउटर सगळ्यांना मिळून हवा होता, तो कुणाच्या खोलीत ठेवायचा यावर मतदान झालं. बोर्ड कुणी बांधला विचारल्यावर बिट्टीनं दाराशी उभ्या बापाकडे बोट दाखवलं आणि सगळ्यांनी वळून "काका, भारी!" म्हटलं. सोळा नंबरनं विचारलं, "तुझं नाव काय गं?" बिट्टीनं सांगितलं. "छान आहे," ती म्हणाली. कुणीतरी काहीतरी चेष्टा केली आणि बिट्टी हसली. मोठ्यानं, खांदे हलवत. घरातही ती अशी हसलेली काकांना आठवत नव्हती.

अर्ध्या तासात खोली रिकामी झाली. मुली हातात काही ना काही घेऊन, 'थँक यू हं', 'येत जा' म्हणत आपापल्या खोल्यांत गेल्या. भिंतीवर नुसत्या क्लिपा राहिल्या.

बसमध्ये काका खिडकीशी बसले आणि बिट्टी त्यांच्या शेजारी. शहर मागे पडलं. मग बिट्टी समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत म्हणाली, "चांगल्या होत्या हो मुली."